बिनकल्हईचा गुंड

आमच्या घरी तांब्याचा एक गुंड होता. गुंड म्हणजे पाण्याची घागर, वऱ्हाडात आम्ही गुंडच म्हणतो. दरवर्षी दिवाळीच्या आधी साखरखेर्ड्यात कल्हईवाले चाचा यायचे, पिंपळाखाली भाता लावायचे, आणि अख्खी गल्ली भांडी घेऊन तिथं जमायची. पराती, पातेली, वाट्या, सगळ्यांना कल्हई व्हायची. नवसागराचा पांढरा धूर उठायचा आणि आम्ही पोरं खोकत खोकत तिथंच उभी राहायचो. फक्त तो गुंड माय उचलून आत कोठीत नेऊन ठेवायची. चाचा चिडवायचे, "काय बाई, तेवढा एक दरसाल उघडाच ठेवता! त्यानं काय पाप केलं?"

माय म्हणायची, "त्याले नाही लावाची कल्हई. तांबं पाण्यात उतरलं पायजे."

हल्ली लग्नात, सत्कारात तांब्याची बाटली हातात देतात आणि हेच वाक्य मला ऐकवतात. माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी बोलत मात्र नाही. बोलून करू काय? धडधाकट माणसाला त्या पाण्यानं काही होत नाही. मी स्वतः ते वर्षानुवर्षं प्यायलो आहे. का प्यायलो, ते सांगतो.

महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. मी जिल्ह्यातल्याच एका नव्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो आणि नागपूरच्या एका सरांकडे पीएचडीला नाव घातलं होतं. विषय तांबं. शेतकरी फवारतात त्या मोरचुदातलं तांबं घ्यायचं आणि त्याला धरून ठेवतील असे रेणू घडवायचे. रेणूच्या दोन टोकांना खेकड्याच्या नांग्यांसारखी पकड ठेवायची. दोन टोकांमधलं अंतर बरोबर साधलं, तर असे दोन रेणू आणि तांब्याचे दोन अणू मिळून एक बंद चौकट तयार होते. आपली आपण. त्यात हात घालायचा नसतो, घालताही येत नाही. तुकडे नीट घडवायचे, द्रावणात सोडायचे आणि बाजूला बसायचं. आता या शास्त्राला भारदस्त नाव आहे, त्याच्या परिषदा भरतात. तेव्हा आमच्याकडे होते स्पिरिटचे दिवे, चार धड चंचुपात्रं आणि पंखा लावला की वेडं होणारा एक तराजू.

माझी चौकट काही केल्या बंद होत नव्हती. दर वेळी तळाशी हिरवट चिखल बसायचा आणि तो कशातही विरघळायचा नाही. नांग्या एकमेकींपासून फार लांब पडत होत्या, म्हणून चौकटीऐवजी लांबच लांब साखळ्या होत होत्या. सर सांगायचे, मधला तुकडा आखूड कर. मी करायचो. पुन्हा चिखल.

धाकट्या बहिणीला याची फार मजा वाटायची. ती माझ्यापेक्षा बरीच लहान, मॅट्रिकला होती. बाबा लवकर गेले, शेत काका पाहायचे. घरात माय आणि ती. मी सुट्टीत चिखलीला बस बदलून घरी आलो की माझा चहा व्हायच्या आत तिचे प्रश्न सुरू.

"चौकट लागली का दादा?"

"नाही लागली."

"मंग तू तिथं दिवसभर काय करतो?"

"तुकडे टाकतो अन् वाट पाहतो."

"अन् त्याचा पगार भेटते तुले? वा रे वा!" मग थोडा विचार करून म्हणाली, "म्हणजे लगन जमवाचंच काम आहे. पत्रिका पाहाची, पोरगी दाखवाची अन् मंग हात जोडून बसाचं. जुळलं तं जुळलं."

मी ते पुढं कैक वर्षं वर्गात सांगितलं. पोरं हसायची. कुणी सांगितलं होतं, ते मी त्यांना सांगत नसे.

त्या उन्हाळ्यात शेवया होत्या. आमच्याकडे वैशाखात गल्लीतल्या बाया एकेका घरी जमून पाटावर हातानं शेवया काढतात आणि खाटेवर टाकून वाळवतात. आमच्या धाकटीची शेवई गावात नावाजलेली. केसासारखी बारीक तार ओढायची, आणि तोंडाची टकळी तरी थांबायची नाही. त्या दिवशी मात्र तिची तार तुटायला लागली. पुन्हा पुन्हा तुटायची. एक काकू म्हणाली, "पोरीचं ध्यान कुठं हाय? लगनाचं मनात आलं वाटते." सगळ्या हसल्या, तीही हसली. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. तिनं उजवा हात हळूच मांडीखाली दाबून धरला, ते मी पाहिलं. हात थरथरत होता.

मायनं पण पाहिलं. "पोरीच्या हातात जीव नाही राह्यला," ती म्हणाली, आणि त्याच दिवशी तो गुंड कोठीतून बाहेर आला. मायनं तो चिंच लावून असा घासला की त्यात तोंड दिसावं. संध्याकाळी भरून ठेवायचा, सकाळी अनशापोटी धाकटीला त्यातलं तांब्याभर पाणी द्यायचं. वर मनगटात तांब्याचं कडं घातलं. थरथर, वात, अशक्तपणा यांना तांबं, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्यात वावगं काय ते?

पावसाळा सरता सरता हात दोन्ही थरथरायला लागले. वहीतली अक्षरं ओळीवरून घसरायची. मग बोलणं जड झालं. एवढी चुरूचुरू बोलणारी पोरगी, तिला एक वाक्य पुरं करायला घाम फुटायचा. तोंडातून लाळ यायची आणि ती शरमेनं ओढणी तोंडाशी धरून बसायची. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं काही असेल. एका डॉक्टरनं टॉनिक दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, मनाचं आहे, लग्न करून टाका. मी त्यांना नको नको ते बोललो. मायनं काय केलं? पाणी सकाळचं होतं, ते संध्याकाळी पण सुरू केलं. तिच्या हातात तेवढंच होतं आणि ते ती जीव ओतून करत होती. पहाटे उठून आधी गुंडावरचं फडकं काढायची, मग देवाला दिवा लावायची.

दिवाळी झाल्यावर आम्ही तिघं शेगावहून रेल्वेनं नागपूरला गेलो. मोठ्या दवाखान्यात तीन-चार डॉक्टरांनी तिला पाहिलं. शेवटी एक वयस्क डॉक्टर आले, त्यांनी तिला डोळ्यांच्या यंत्रासमोर बसवलं, बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाले, "इकडे या, तुम्हीही पाहा." बुबुळाच्या कडेनं एक कडं होतं. हिरवट, थोडं तपकिरी. माझ्या चंचुपात्राच्या काठावर सुकून राहायचं अगदी तसं.

"हे तांबं आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, हे माझी थट्टा करताहेत. मी तांब्यावर काम करतो हे यांना सांगितलं कुणी?

मग त्यांनी समजावलं. तांबं सगळ्यांच्याच खाण्यात असतं, ज्वारीत, डाळीत. जेवढं लागतं तेवढं शरीर ठेवतं, उरलेलं टाकून देतं. हिच्या शरीराला ते टाकताच येत नाही. दोष जन्माचा. आईकडून अर्धा, बापाकडून अर्धा. साठत साठत आधी काळजात, म्हणजे यकृतात जातं, मग मेंदूत. त्यांनी माझे डोळे पण त्याच यंत्रात पाहिले. स्वच्छ निघाले. त्याच माय-बापाचा मी, आणि मला काही नाही! मला त्या क्षणी अशी लाज वाटली की तोंड लपवावंसं वाटलं.

"घरी पिण्याचं पाणी कशात ठेवता?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं.

ते म्हणाले, "ते आजपासून बंद. त्यामुळं झालेलं नाही, ते नसतं तरी हे झालंच असतं. पण आगीत तेल कशाला?"

बाहेर बाकड्यावर माय तिला धरून बसली होती, पदरानं तिची हनुवटी पुसत होती. मला पाहून उठलीच. "काय म्हणते डाक्टर?"

"औषध आहे म्हणते. बाहेरच्या देशातून बोलवावं लागते."

"मंग बोलाव ना बापा! अन् आखीन काय म्हणते?"

"पाणी माठाचं द्या म्हणते. तांब्याचं नको."

"काऊन?"

काय सांगू? धाकटी माझ्याकडे टक लावून पाहत होती, माय माझ्याकडे टक लावून पाहत होती. "तिले थंड पाणी पायजे म्हणते," मी म्हणालो. "अन् हे कडं पण काढा म्हणते."

मायला ते पटलं नाही, तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पण मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर, आणि सांगणारा शिकलेला मुलगा. तिनं कडं काढून पदराच्या गाठीत बांधलं. घरी गेल्यावर गुंड कोठीत पालथा घातला.

डॉक्टरांनी मला त्या औषधाचा रेणू कागदावर काढून दाखवला होता. एका टोकाला गंधक, शेजारी नायट्रोजन. दोघं मिळून तांबं पकडतात आणि लघवीवाटे बाहेर घेऊन जातात. अहो, ते चित्र मी रोज फळ्यावर काढत होतो! नांगी, तांबं, पकड. माझा सगळा धंदाच तो. परदेशी औषधाची परवानगी, त्याची मागणी, मग बोट, असं सगळं डॉक्टरांनी त्यांच्या बाजूनं सुरू केलं. केव्हा येईल हे त्यांनाही सांगता येईना. आणि दर आठवड्याला मी घरी जायचो तेव्हा धाकटीचा आणखी एक शब्द गेलेला असायचा. मायच तेवढी तिचं बोलणं समजून आम्हाला सांगायची.

ते औषध पेनिसिलिनचा रेणू फोडला की त्यातून निघतं. हे मी पुस्तकात वाचलं आणि माझी झोप उडाली. पेनिसिलिनच्या कुप्या तर आमच्या इथल्या औषधाच्या दुकानात मिळत होत्या! मी कामाला लागलो. पेनिसिलिन फोडायचं, पाऱ्याचा क्षार घालून हवा तो तुकडा पकडून खाली बसवायचा, मग त्यात कुजक्या अंड्याच्या वासाचा तो वायू सोडून पारा काळा करून गाळून काढायचा. वायूचं यंत्र कॉलेजात होतंच. दोनदा फसलं. तिसऱ्यांदा बशीच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी उरली.

त्यातला कण मी तांब्याच्या द्रावणात टाकला. निळं पाणी बघता बघता गर्द जांभळं झालं. मी एकटाच होतो आणि मोठ्यानं ओरडलो. त्या जांभळ्या रंगात काय होतं, ते मला बऱ्याच वर्षांनी एका नियतकालिकात कळलं. तांब्याचे अणू आणि त्या औषधाचे डझनभर तुकडे आपले आपण गोळा होऊन एक पोकळ गोळा करतात, आणि त्याच्या पोटात असतो फक्त एक क्लोराइड, साध्या मिठात असतो तो. इतका देखणा पिंजरा मला जन्मभर घडवता आला नाही. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं, की याला तांबं सापडतं आणि ते तांब्याला सोडत नाही.

भुकटी कुपीत घालून मी नागपूरला सरांकडे पळालो. त्यांनी ती उजेडात धरली. म्हणाले, "उत्तम केलंस." मग विचारलं, "पारा गेला कशावरून?"

"काळा गाळ यायचा थांबला, सर."

"गाळ थांबला म्हणजे पारा संपला?"

सरांनी कुपी टेबलावर ठेवली.

"इतका थोडा पारा मोजायचं साधन ना तुझ्याकडे आहे ना माझ्याकडे," ते म्हणाले. "आधीच तिच्या मेंदूत एक धातू आहे. तू दुसरा घालशील?" मग फार हळू आवाजात म्हणाले, "माझी मुलगी असती तर मीही दिली नसती रे."

तिथून मी सरळ गावी आलो. कुपी शर्टाच्या खिशात. फेकवेना आणि देववेना. धाकटी खाटेवर बसली होती, पाठीला गोधड्यांचा टेका. तिची नजर तशीच तल्लख होती, डोक्यात काही एक गेलेलं नव्हतं, ते तर जास्तच वाईट. तिनं खिशाकडे हनुवटी केली. मी कुपी काढून दाखवली. कशी केली ते सांगितलं, जांभळा रंग सांगितला.

तिनं फार कष्टानं एकेक अक्षर जुळवलं. "जु... ळ... लं?"

"जुळलं," मी म्हणालो.

तिनं हात पुढं केला. तळहात उघडा, सगळा हलत होता. "दे."

"त्यात पारा राह्यला असंल तं? विष असते ते."

"अ... सू... दे."

तिचा हात तसाच पुढं. मला आज इतक्या वर्षांनीही कुणी सांगावं, मी काय करायला पाहिजे होतं. मी कुपी खिशात परत ठेवली आणि तिचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून बसलो. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. माझ्या हातात सुद्धा तो हात थांबत नव्हता.

त्याच दिवसांत कॉलेजात माझी चौकट बंद झाली. मधला तुकडा आखूड केलेलं द्रावण मी विसरून खिडकीत ठेवलं होतं. परत आलो तर त्यात गडद हिरवे, धारदार कडांचे स्फटिक. ज्याच्यासाठी मी इतका झटलो ते माझी पाठ फिरल्यावर जुळलं होतं. मला ते पात्र भिंतीवर आपटावंसं वाटलं.

औषधाची बाटली आली तेव्हा शेतात हरभरा सोंगणीला आला होता. डॉक्टरांनी माणूस देऊन ती पोचवली. पण तोवर धाकटीचं गिळणंच गेलं होतं. पाण्याचा घोट दिला तर ठसका लागायचा आणि ती काळीनिळी पडायची. आम्ही औषध मधात कालवून बोटानं चाटवलं. माय मांडीवर डोकं घेऊन बसायची, मी थेंब थेंब सोडायचो. थोडं जायचं, बाकी गालावरून खाली. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की गुण यायला महिने लागतात. तिच्याकडे महिने नव्हते. ती गेली तेव्हा बाटली वरच्या बाजूला थोडीशीच उणी झाली होती.

तेरवी झाली, पाहुणे गेले. मी कॉलेजला परत निघायच्या आदल्या दिवशी कोठीत गेलो तर माय जमिनीवर बसून तो गुंड घासत होती. चिंच, राख, आणि डोळ्यांतून पाणी.

"एक इचारू तुले?" ती म्हणाली, मान वर न करता. "त्या पाण्यानं तिले आराम पडून राह्यला होता. बंद केलं, अन् मंगच तिचं बोलणं पुरं गेलं. मी पाह्यलं ना माह्या डोळ्यानं. मी काऊन आयकलं तुमचं? चोरून घोटभर देत राह्यली असती तं पोरगी जगली असती. मीच मारलं तिले."

सगळं माझ्या जिभेवर होतं. बुबुळातलं कडं, काळजात साठलेलं तांबं, सगळंच. त्यामुळं झालेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, तेही होतं. पण मी मायला ओळखतो. तिनं ते अर्धं ऐकलंच नसतं. तिला दुसरंच अर्धं ऐकू आलं असतं, की रोज पहाटे उठून आपण लेकीच्या तोंडाला काय लावत होतो. मग ती कशी जगली असती?

"तुहं नाही चुकलं, माय," मी म्हणालो. "डाक्टरचं चुकलं. अन् माहं चुकलं. मीच बंद कराले लावलं."

ती घासायची थांबली. माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिला ते पटलं. त्यानंतर तिनं मला कधी पुरतं माफ केलं नाही. बोलायची, जेवू घालायची, पण कुठंतरी ते राहिलंच. मीही तिचा तो राग कधी पुसायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पिशवी भरत होतो. माय गुंडातलं पाणी ग्लासात घेऊन समोर आली.

"पी," ती म्हणाली. "तुले तरी वाचवू दे मले."

मी ग्लास घेतला. पाण्याला तांब्याचा तो कडसर वास होता. तो मी डोळे मिटूनही ओळखतो. मी प्यायलो. शेवटचा घोट जाईपर्यंत ती समोरून हलली नाही, आणि मग रिकामा ग्लास घेऊन म्हणाली, "पुढच्या सुट्टीत लवकर ये. भरून ठेवतो मी."